राशेलची आरिया कुठं सापडेल आणि कुठून ऐकावी

विचारणारे गृहस्थ लिहितात: एका टेनॉरच्या, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकाच्या, निवडक गाण्यांच्या सीडीवर 'राशेल, काँ द्यू सेन्यर' ही आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याचं गाणं, ऐकली, ती डोक्यातून जात नाही. पुस्तिकेत 'आलेव्ही, ला झ्वीव' एवढंच छापलंय. पूर्ण ऑपेरा शोधायला गेलो तर तीच एक आरिया पन्नास आवाजांत समोर येते, ऑपेरा काही येत नाही. चांगली ध्वनिमुद्रणं कोणती आणि सुरुवात कुठून करू?

आधी थेट उत्तर देतो, कारण असा प्रश्न पडलेल्या माणसाला धीर नसतो. मलाही नव्हता. आलेव्ही हा संगीतकार, 'ला झ्वीव' (ज्यू स्त्री) हे त्याच्या ऑपेराचं नाव. एकच गोष्ट घ्यायची असेल तर व्हिएन्ना स्टेट ऑपेराची २००३ सालची डीव्हीडी घ्या. नुसतं ऐकायचं असेल तर फिलिप्सचा तीन सीडींचा संच, अंतोनियो द आल्मेइडाने संचालन केलेला. आणि फक्त आरियाच हवी असेल तर इटालियन टेनॉर एन्रिको कारुसोने १४ सप्टेंबर १९२० रोजी अमेरिकेत कॅम्डेनला गायलेली. इथंच थांबलात तरी फसणार नाही.

पण मी गेली तीसेक वर्षं ह्या एका ऑपेरामागे आहे. ह्या काळात माझं एक मत घट्ट झालंय. ही आरिया सुटी ऐकली की त्यात बापाची माया ऐकू येते. तीच आधीच्या-नंतरच्या संगीतासकट ऐकली की त्यात सूड ऐकू येतो. म्हणून 'सर्वांत चांगलं कोण गायलं' ह्यापेक्षा 'ध्वनिमुद्रण कुठं सुरू होतं आणि कुठं कापलंय' हा प्रश्न मी आधी विचारतो. शोधही त्याच अंगाने घ्यावा लागतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं लागणार नाही. १४१४ साल, कॉन्स्टान्स शहर, चर्चची मोठी परिषद भरलीय. एलेआझार हा ज्यू सोनार आणि राशेल ही त्याची मुलगी. तिचा प्रियकर 'सॅम्युअल' ज्यू असल्याचं सांगून घरात वावरतो, पण तो खरा ख्रिस्ती राजपुत्र लेओपोल्द असतो, वर राजकन्या यूडॉक्सीशी लग्न झालेला. प्रकरण उघडकीला येतं, बाप-लेकीला मृत्युदंड होतो. न्याय करायला बसलाय कार्डिनल ब्रोन्यी. पूर्वी रोममध्ये ह्याच ब्रोन्यीने एलेआझारला हद्दपार केलेलं असतं आणि एलेआझारचे मुलगे जाळले गेलेले असतात. रोमच्या आगीत ब्रोन्यीचंही घर गेलं आणि तान्ही मुलगी नाहीशी झाली. ती मुलगी एका ज्यूने वाचवली, ती जिवंत आहे, हे एलेआझार त्याला तोंडावर सांगतो. ती कोण, हे मात्र सांगत नाही. प्रेक्षकाला तोवर कळून चुकलेलं असतं.

इथं ही आरिया येते. चौथ्या अंकाचा शेवट. एलेआझार एकटा उरतो. एक शब्द बोलला तर राशेल वाचेल, पण ती ब्रोन्यीची होईल. बोलला नाही तर सूड पुरा होईल आणि पोर मरेल. दोन कोर आंग्ले, म्हणजे ओबोच्या घराण्यातली खालच्या, भरड आवाजाची वाद्यं, सुरुवातीची चाल जोडीने वाजवतात आणि मग तो राशेलला हाक मारतो: देवाने तुझा पाळणा माझ्या थरथरत्या हातांत दिला, तुझ्या सुखासाठी मी जन्म वाहिला, आणि आता मीच तुला मारेकऱ्याच्या हवाली करतोय. मधे त्याला तिचा आवाज ऐकू येतो: मी तरुण आहे, मला जगायचंय, बाबा, आपल्या लेकराला वाचवा.

सुट्या तबकडीवर गाणं इथं संपतं. ऐकणारा डोळे पुसतो आणि समजतो की म्हातारा विरघळला, आता तो मुलीला वाचवणार. ऑपेरात तसं घडत नाही. बाहेरून जमावाची आरोळी येते: ज्यूंना चितेवर चढवा. एलेआझार झटक्यात उलटा फिरतो. तुम्हाला आमचं रक्त हवंय, आणि मी माझी राशेल तुम्हाला परत द्यायला निघालो होतो! नाही, कधीच नाही. मग येते काबालेत्ता, 'द्यू मेक्लेर', देव मला प्रकाश दाखवतोय, अशी. आपल्या भाषेत सांगायचं तर आरिया हे विलंबित आणि काबालेत्ता हे द्रुत, आणि निर्णय द्रुतात आहे. कारुसोने विलंबित दिलं, द्रुत दिलं नाही. त्याच्यानंतरच्या बहुतेकांनी तेच केलं. रंगमंचावरही हा भाग सर्रास गाळतात, कारण दमवणाऱ्या आरियेनंतर टेनॉरला पुन्हा वरच्या सुरांत चढावं लागतं. कारण व्यावहारिक आहे, मला ते कळतं. तरी दर वेळी वाटतं की कुणीतरी वाक्याचं क्रियापदच खोडून टाकलं.

म्हणून पहिली कसोटी. कुठलंही ध्वनिमुद्रण विकत घेण्याआधी किंवा तासभर बसून ऐकण्याआधी यादीत 'द्यू मेक्लेर' हे शब्द आहेत का ते बघा. यादी तपशीलवार नसेल तर मिनिटं बघा. पाच-सहा मिनिटांचा ट्रॅक म्हणजे नुसती आरिया. एक-दोन मिनिटं जास्त असतील तर आधीचं पठणवजा गाणं असेल, ज्यात एलेआझार ब्रोन्यीबद्दलचा द्वेष ओकतो. दहाच्या आसपास असेल तर उत्तरार्ध असण्याची शक्यता आहे. काही जुन्या फ्रेंच टेनॉरांनी हा उत्तरार्ध वेगळ्या तबकडीवर गायलाय. तशी मिळाली तर सोडू नका.

आता नावांचा घोळ. निम्मे लोक इथंच अडकतात. ऑपेराचं नाव रोमन लिपीत 'ला' आणि मग जे, यू, आय, व्ही, ई असं लिहितात. संगीतकार फ्रॉमाँताल आलेव्ही. नावात पहिलं अक्षर एच आहे पण फ्रेंच उच्चारात नाही, त्यामुळे कानाने ऐकून शोधणाऱ्याला तो सापडत नाही. एवढ्या शोधाने फ्रेंचमधली ध्वनिमुद्रणं मिळतील. पण ऑपेराचा सुवर्णकाळ चालू होता तेव्हा प्रत्येक देश आपापल्या भाषेत गायचा. जर्मनीत आणि व्हिएन्नात ती 'डी युदिन' होती, राशेलची 'रेखा' झाली होती (मराठी कानाला गंमत वाटेल, पण खरंच), आणि आरिया 'रेखा, आल्स गॉट डिख आइन्स्ट' अशी सुरू व्हायची. लिओ स्लेझाकसारख्या धिप्पाड आवाजाच्या गायकाची तबकडी ह्या जर्मन ओळीखाली नोंदलेली असते. इटालियनमध्ये ऑपेरा 'लेब्रेया', आरिया 'राकेले, अल्लोर के इद्दिओ'. तेव्हा एक शोध फ्रेंच ओळीचा, एक जर्मन, एक इटालियन, असे तीन करा. फ्रेंच ई वरची तिरकी खूण टंकली नाही तरी चालतं.

गाणाऱ्या अ‍ॅपवर शोधायचं तर ऑपेराच्या नावामागे लागू नका. तिथं संगीतकाराच्या रकान्यात गायक, गायकाच्या रकान्यात वाद्यवृंद असा गोंधळ नेहमीचा. आलेव्ही आणि आल्मेइडा, आलेव्ही आणि शिकॉफ, आलेव्ही आणि टकर अशा जोड्या टाका (शेवटचे दोघे गायक, पुढं येतील). संगीतकार आणि संचालक ही जोडी सगळ्यांत कमी चुकते.

जुन्या तबकड्यांसाठी एक साधन सांगतो, ते वापरायची सवय लावून घ्या. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने अमेरिकेत झालेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांची प्रचंड सूची ऑनलाइन ठेवलीय. गायकाचं नाव टाकलं की कुठल्या दिवशी, कुठं, काय गायलं, किती 'टेक' घेतले, हे मॅट्रिक्स क्रमांकासकट येतं. मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे मेणाच्या मूळ तबकडीला दिलेला क्रमांक. लेबलवरचा विक्रीचा क्रमांक बदलत राहतो, हा बदलत नाही. एकाच नावाच्या दोन फायली खरंच दोन वेगळी गाणी आहेत की एकाच गाण्याच्या दोन प्रती, हे ह्याच क्रमांकावरून ठरतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'नॅशनल ज्यूकबॉक्स'वर व्हिक्टर कंपनीच्या तबकड्या थेट ऐकता येतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गालिका' हे दालन फ्रेंच तबकड्यांसाठी आणि जुन्या छापील प्रतींसाठी बघा.

हक्कांचं म्हणाल तर काळजीचं कारण नाही. १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून मुक्त झाली. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा. कारुसो दोन्हीकडे मोकळा आहे.

कारुसोबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, म्हणजे मेटमध्ये, त्याने एलेआझार पहिल्यांदा उभा केला २२ नोव्हेंबर १९१९ ला. राशेल होती रोझा पॉन्सेल. तोवर तो विदूषक, सरदार, प्रेमी अशा भूमिकांचा राजा होता. हा दाढीवाला, खांदे पडलेला म्हातारा त्याने आयुष्याच्या उतरणीला घेतला. पुढच्या सप्टेंबरमध्ये ही तबकडी झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी त्याचं ध्वनिमुद्रण कायमचं थांबलं. ११ डिसेंबर १९२० ला ब्रुकलिनमध्ये गाताना त्याच्या तोंडातून रक्त आलं. २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या रात्री, तो पुन्हा एलेआझार म्हणून उभा राहिला आणि तो त्याचा शेवटचा प्रयोग ठरला. २ ऑगस्ट १९२१ ला नेपल्समध्ये गेला. हे माहीत असलं की तबकडी वेगळी ऐकू येते, हे कबूल. पण माहीत नसतानाही ती तशीच आहे. आवाज काळवंडलेला, जड, आणि शब्दांवर भार. राशेलच्या तोंडचे शब्द येतात तेव्हा तो आवाज मुलीसारखा बारीक करत नाही, फक्त हलका करतो. एवढ्या ताकदीच्या गायकाने हा मोह टाळला ह्याचं मला दर वेळी नवल वाटतं.

ही तबकडी कर्ण्यात गाऊन केलेली, मायक्रोफोनच्या आधीची. दोन कोर आंग्ले शोधायला जाऊ नका. वाद्यवृंद म्हणजे लांब कुठंतरी वाजणारी पिपाणी. एक सावधगिरी: त्या काळच्या तबकड्या सगळ्याच ७८ फेऱ्यांच्या नसत. चुकीच्या वेगाने फिरवून केलेली प्रत अर्धा सूर वर सरकते आणि कारुसो तरणा, कर्कश वाटायला लागतो. शंका आली तर छापील प्रतीतली पट्टी आणि कानावरची पट्टी ताडून पाहा. मी नॅक्सॉसने काढलेल्या संपूर्ण कारुसोच्या बारा सीडींवर विसंबतो. वॉर्ड मार्स्टनने तबकड्यांवरून उतरवून घेतलेल्या आहेत आणि वेग नीट तपासलाय. कारुसोच्या जुन्या आवाजाखाली नवा वाद्यवृंद चिकटवलेल्या आवृत्त्याही बाजारात आहेत. त्यापासून लांब राहा, म्हणजे मृताला नवा कोट घातल्यासारखं वाटणार नाही.

कारुसोनंतर मेटमध्ये ही भूमिका जोव्हानी मार्तिनेल्लीकडे गेली. त्याचा आवाज तलवारीच्या पात्यासारखा, गोड म्हणता येणार नाही. पण त्याच्याकडून एक वेगळाच ठेवा उरलाय. १९२७ साली व्हायटाफोन कंपनीने त्याला चौथ्या अंकातल्या प्रसंगात कॅमेऱ्यासमोर उभं केलं, सोबत ब्रोन्यी म्हणून लुई डी'अँजेलो. बोलपट नुकते अंग धरत होते तेव्हाची ही फिल्म. हातवारे पाहून हसू येईल. पहिल्या मिनिटाला मलाही आलं, दुसऱ्या मिनिटाला नाही.

हा ऑपेरा इतका विसरला कसा गेला, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ध्वनिमुद्रणं कमी का ह्याचं उत्तर त्यातच आहे. २३ फेब्रुवारी १८३५ ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला, संहिता यूजेन स्क्रीबची. नाटक गाजलं. ५ जानेवारी १८७५ ला पॅरिसचं नवं ऑपेरागृह, गार्निएचं ते सोनेरी, उघडलं तेव्हा कार्यक्रमात ह्याचे पहिले दोन अंक होते. पॅरिस ऑपेरात पाचशेहून जास्त प्रयोग झाले. ज्यूंविरुद्ध विखारी लिहिणाऱ्या जर्मन संगीतकार वाग्नरने ह्या ज्यू संगीतकाराची तारीफ केली, संगीतकार माहलरला तर ही फार प्रिय होती. आणि मग १९३४ नंतर पॅरिसमध्ये सात दशकं एक प्रयोग नाही, थेट २००७. मेटमध्ये १९३६ नंतर २००३. जर्मन भाषक जगात नात्सींनी ज्यू संगीतकारांची नावंच पुसली, त्यात हेही गेलं. युद्धानंतर, सगळं उघड झाल्यावर, जमावाने 'ज्यूंना जाळा' म्हणणारं दृश्य रंगवायला कुणाची हिंमत होईना. शिवाय खर्च: पाच अंक, मिरवणुका, ऑर्गन, बॅले, दोन उंच आवाजाचे टेनॉर, दोन सोप्रानो (बायकांचा सगळ्यांत उंच आवाज), एक खोल बास (पुरुषांचा सगळ्यांत खालचा). एलपी रेकॉर्डचा भरभराटीचा काळ नेमका ह्याच विस्मरणात गेला, म्हणून पन्नास-साठच्या दशकांत जसे इतर ऑपेरांचे थाटाचे संच निघाले तसा ह्याचा निघाला नाही.

आपल्याला हे नवं नाही. जुन्या संगीत नाटकांतली कितीतरी पदं आपण मैफलीत, रेडिओवर ऐकत वाढलो. नाटक कोणतं, ते पद कुणी कुणाला उद्देशून म्हटलंय, हे विचाराल तर दहातले आठ जण गप्प बसतील. तीन मिनिटांच्या तबकडीने पद वाचवलं आणि नाटकापासून तोडलं. इथंही तेच झालं, फक्त तबकडी बारा इंची होती म्हणून साडेचार मिनिटं मिळाली.

ज्याने हे विस्मरण तोडायचा हट्ट धरला तो रिचर्ड टकर. ब्रुकलिनचा, सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारा कँटर, आणि मेटचा मोठा टेनॉर. वर्षानुवर्षं तो मेटकडे ह्या ऑपेरासाठी धरणं धरून होता. १९७३ मध्ये लंडनला मैफलीच्या स्वरूपात आणि न्यू ऑर्लिन्सला रंगमंचावर तो एलेआझार गायला. मेटमध्ये गायचं राहिलं; जानेवारी १९७५ मध्ये तो गेला. आरसीएने त्याची निवडक प्रवेशांची एक एलपी काढली: मार्टिना अरोयो, अ‍ॅना मोफो, बोनाल्दो जायोत्ती, संचालक तोच आल्मेइडा. ह्याच तबकडीवर मी फसलो. परदेशातल्या एका विक्रेत्याने 'पूर्ण ऑपेरा' म्हणून पाठवली, कस्टमचे पैसे भरून सोडवली, उघडून पाहिलं तर आत एकच तबकडी. तेव्हा जुनं विकत घेताना तबकड्या किंवा सीडी किती आहेत एवढं आधी विचारा. हा ऑपेरा एका तबकडीत मावत नाही. पण राग ओसरल्यावर मी ती ऐकली आणि परत केली नाही. दुसऱ्या अंकातली वल्हांडणाची प्रार्थना, 'ओ द्यू, द्यू द नो पेर', टकर जशी म्हणतो तशी दुसऱ्या कुणी म्हटलेली मी ऐकली नाही. ती गाणं राहत नाही, घरातली सांजवेळ होते. बेखमीर भाकरी वाटली जाते, लेओपोल्द आपला तुकडा गुपचूप टाकून देतो आणि राशेल ते पाहते. कोकणातल्या बेने इस्रायल घरांमध्ये हा सण पाहिलेल्या वाचकांना त्या दृश्यातली शांतता जास्त लागेल.

संपूर्ण संचांपैकी फिलिप्सच्या संचाची कहाणी त्याच्या आवाजात ऐकू येते. ध्वनिमुद्रण १९८६ मध्ये सुरू झालं. पुढच्या वर्षी होसे कारेरासला रक्ताचा कर्करोग झाला. तो बरा होऊन परतल्यावर १९८९ मध्ये त्याचा भाग पुरा केला. त्याचा एलेआझार म्हातारा वाटत नाही, वरच्या सुरांशी झगडतो, आणि तरी मला तो आवडतो, कारण त्यात जीव वाचवून आलेल्या माणसाची घाई आहे. युलिया वाराडीची राशेल ह्या संचाचं खरं धन. जून अँडरसनची यूडॉक्सी चमचमती, फेरुच्चो फुर्लानेत्तोचा ब्रोन्यी भारदस्त. तीन सीडी भरूनही हा ऑपेरा अखंड नाही, कात्री इथंही लागलीय. मिळायला आता जुन्या बाजारातच मिळेल, पण मिळतो.

व्हिएन्नाचं प्रकरण वेगळं. १९९९ साली गुंटर क्रेमरने तिथं हा ऑपेरा पुन्हा उभा केला. एलेआझार नील शिकॉफ, तोही कँटरचा मुलगा, राशेल सोइले इसोकोस्की, संचालक सिमोन यंग. प्रत्यक्ष प्रयोगाचं हे ध्वनिमुद्रण आरसीएने सीडीवर काढलं. २००३ चा प्रयोग डॉइच ग्रामोफोनने डीव्हीडीवर काढला. त्यात राशेल क्रासिमिरा स्तोयानोवा, संचालक व्येकोस्लाव शुतेय. निर्मिती आधुनिक वेशातली. वरती उतरता पांढराशुभ्र भाग ख्रिश्चनांचा, खाली काळोखात ज्यूंचं घर. पंधराव्या शतकाचा थाट हवा असेल तर निराश व्हाल. शिकॉफचा आवाज तोवर घासलेला होता, काही सूर अक्षरशः ओढून काढतो. पण मी सुरुवातीला म्हटलं ना, ह्या आरियेत सूडही आहे, तो ह्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो. तो मुलीवर प्रेम करतो ह्याची खात्री पटते आणि तो तिला मरू देणार ह्याचीही. हे दोन्ही एकत्र मी इतरत्र पाहिलेलं नाही. सोबत ह्या भूमिकेच्या तयारीवरचा एक माहितीपटही आहे, तो आधी नको, नंतर बघा.

अलीकडे रोबेर्तो अलान्या म्युनिकला २०१६ मध्ये, जॉन ऑसबोर्न जिनिव्हाला २०२२ मध्ये एलेआझार गायले. ऑसबोर्न महत्त्वाचा वाटतो, कारण मूळ एलेआझार गाणारा आदॉल्फ नूरी कारुसोसारखा पोलादी नव्हता. तो हलक्या, लवचीक, फ्रेंच घडणीच्या आवाजाचा होता. चौथा अंक कोरसवर न संपवता आरियेवर संपवा, हा आग्रह त्याचाच, आणि शब्दांतही त्याचा हात होता असं मानतात. म्हणजे ज्या तुकड्याने ऑपेराला अमर केलं तो गायकाच्या हट्टातून आला. पुढं चारच वर्षांनी, १८३९ मध्ये, नेपल्समध्ये त्याने आत्महत्या केली. पहिली राशेल कॉर्नेली फाल्काँ, तेव्हा एकवीस वर्षांची. तेविसाव्या वर्षी तिचा आवाज गेला तो गेलाच. तिच्या नावावरून आजही सोप्रानो आणि तिच्याहून थोडा खालचा मेझो यांच्या मधल्या आवाजाला 'फाल्काँ' म्हणतात. म्हणून राशेल कधी सोप्रानो गाते, कधी मेझो, आणि दोन्ही बरोबर.

राशेलचं स्वतःचं गाणं दुसऱ्या अंकात आहे, 'इल व्हा व्हेनीर', तो येईल. प्रियकराची वाट पाहणं आणि भीती एकाच श्वासात. वाराडीचं ऐका. ब्रोन्यीच्या दोन जागा चुकवू नका. पहिल्या अंकातली 'सी ला रिगर' ही क्षमेची, बासचे सगळ्यांत खालचे सूर मागणारी. एझिओ पिंझाने ती इटालियनमध्ये 'से ओप्रेसी ओन्योर' म्हणून गायलीय आणि अलेक्झांडर किपनिसने जर्मनमध्ये, 'वेन एविगर हास'. बास आवाजाचं वैभव म्हणजे काय हे कुणाला दाखवायचं असलं तर मी पिंझाचीच लावतो. दुसरी तिसऱ्या अंकातली शापवाणी. तोच माणूस, तोच आवाज, क्षमा करणारा आणि शाप देणारा. लेओपोल्दची पहिल्या अंकातली सेरेनाद, म्हणजे प्रेयसीसाठीचं गाणं, गोड आहे, बॅले तर सरळ सोडून द्या.

एक आडवळण, आवरत नाही म्हणून. आलेव्हीचा विद्यार्थी होता 'कार्मेन' ह्या ऑपेराचा संगीतकार बिझे. आलेव्ही गेल्यावर १८६९ मध्ये त्याने आलेव्हीच्या मुलीशी, जेनेव्हिएव्हशी, लग्न केलं. 'कार्मेन'च्या संहितेचा एक लेखक आलेव्हीचा पुतण्या. आणि ह्याच जेनेव्हिएव्हच्या बैठकीत पुढं जाणारा तरुण मार्सेल प्रूस्त आपल्या कादंबरीत एका वेश्येला टोपणनाव देतो 'राशेल, काँ द्यू सेन्यर'. पॅरिसमधल्या प्रत्येकाला ती ओळ पाठ असल्याशिवाय हा विनोद जमला नसता.

पहिल्यांदा ऐकताना क्रम असा ठेवा. कारुसो एकदा. मग डीव्हीडीवरचा चौथा आणि पाचवा अंक, आधीचे तीन नंतर पाहिले तरी चालतील. शब्दांची प्रत जवळ असू द्या. मूळ फ्रेंच संहिता मुक्त आहे, सहज मिळते. पाचव्या अंकात राशेलला उकळत्या कढईकडे नेतात. एलेआझार तिला विचारतो, धर्म सोडून जगायचंय का. ती नाही म्हणते. ब्रोन्यी शेवटचं विचारतो, माझी मुलगी कुठंय? एलेआझार कढईकडे बोट करतो: ही काय. त्यानंतर पुन्हा कारुसो लावा.

आणि तुमच्या त्या सीडीवरचा टेनॉर कोण आणि ट्रॅक किती मिनिटांचा आहे तेवढं कळवा, म्हणजे तुम्ही आत्तापर्यंत किती ऐकलंय ते सांगता येईल.